कृष्णाकाठच्या गावाचा पूर-नकाशा: गूगल असताना कशाला, आणि सुरुवात कुठून?

प्रश्न थोडक्यात असा. शिरोळ तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही वेळा लोकांना घरं सोडून बाहेर पडावं लागलं. आता कॉलेजच्या एनएसएसच्या मुलांना हाताशी धरून गावाचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून काढलेल्या खुल्या ऑनलाइन नकाशावर, करायचा विचार आहे. गूगलचा नकाशा असताना याचा पुरात खरंच उपयोग होतो का, आणि करायचा तर सुरुवात कुठून करायची, असं एका प्राध्यापकांनी विचारलंय.

सर, उपयोग होतो. मात्र ज्या कामाचे फोटो पेपरात छापून येतात त्या कामाचा फारसा होत नाही. तीस मुलं कॉम्प्युटर लॅबमध्ये बसतात, उपग्रहाच्या चित्रावरून घरांचे चौकोन काढतात, दुसऱ्या दिवशी 'गाव जगाच्या नकाशावर' अशी बातमी येते. ते चौकोन काढावेच लागतात, तो पाया आहे. पण पाणी चढायला लागल्यावर गावाला जे लागतं ते उपग्रहाला दिसत नाही. कुठला रस्ता नदी कितव्या फुटावर असताना बंद होतो, मळ्यातल्या कुठल्या वस्तीचा आधी संपर्क तुटतो, म्हशी कुठं न्यायच्या, बोट कुठं लावायची. हे सगळं गावातल्या दहा-पंधरा माणसांच्या डोक्यात आहे. ते तिथून काढून कागदावर आणि मग नकाशावर उतरवणं, यालाच मी पूर-नकाशा म्हणतो. बाकीचं लॅबमधलं काम झालं.

गूगलशी माझं भांडण नाही. कोल्हापूरहून सांगलीला जायचं तर मीही तोच उघडतो. पण तिथं आपल्याला चित्र मिळतं, त्यामागची माहिती मिळत नाही. मळ्यातली सगळी घरं वेगळी काढून त्यांची यादी करता येत नाही, पाणंदीला आपलं नाव आपल्या हिशोबाने देता येत नाही, त्यावर पाण्याच्या रेषा टाकून चावडीसाठी छापून घेणं त्यांच्या अटींत बसत नाही. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून चालू आहे आणि त्यातली माहिती कुणीही उतरवून घ्यावी, छापावी, तिच्यावर आपली माहिती चढवावी अशा परवान्यावर आहे. 'ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांकडून' असा उल्लेख नकाशाच्या कोपऱ्यात करायचा आणि मूळ माहितीत भर घालून ती पुढे दिली तर तीही तशीच खुली ठेवायची, एवढ्याच मुख्य अटी. एक गोष्ट मात्र मुलांना पहिल्या दिवशी बजावून सांगा: गूगल मॅपवर बघून यात एकही नाव उतरवायचं नाही. परवाना मोडतो, आणि सापडलं की ती नोंद काढून टाकली जाते. नाव हवं असेल तर गावात जाऊन विचारायचं.

हे सगळं संकटात चालतं का, याची उदाहरणं आता जुनी झालीत. हैतीत १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा कामाचा नकाशा जवळपास नव्हताच. जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहाच्या ताज्या चित्रांवरून काही दिवसांत तो उभा केला. चेन्नईत २०१५ च्या पुरात लोकांनी याच नकाशावर आपापल्या भागातले पाण्याखालचे रस्ते नोंदवले. केरळने तर २०१८ च्या पुरानंतर सरकारी आयटी मिशनकडूनच 'मॅपथॉन केरळम' सुरू केलं. पण तुमच्या कामाशी सगळ्यात जवळचं उदाहरण काठमांडूचं आहे, म्हणून ते जरा नीट सांगतो.

तिथं भूकंप होणार हे सगळ्यांना माहीत होतं, कधी ते माहीत नव्हतं. २०१२ च्या शेवटी जागतिक बँकेच्या एका प्रकल्पातून खोऱ्यातल्या शाळा आणि दवाखाने यांची नोंद ओपनस्ट्रीटमॅपवर घ्यायला सुरुवात झाली. काम केलं ते प्रामुख्याने कॉलेजच्या मुलामुलींनी. इमारत किती मजली, कशाने बांधलेली, असं प्रत्यक्ष जाऊन बघायचं आणि लिहायचं. त्याच गटातून २०१३ मध्ये काठमांडू लिव्हिंग लॅब्ज ही संस्था उभी राहिली. २५ एप्रिल २०१५ ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा जगभरातून हजारो लोक घरबसल्या नेपाळचे रस्ते आणि घरं काढायला बसले. पण त्यांना काय आधी काढायचं हे सांगायला, लोकांकडून येणारे निरोप पडताळायला आणि रेडक्रॉसला, सैन्याला नकाशे द्यायला काठमांडूत ही मंडळी आधीपासून तयार होती. ती नसती तर बाहेरच्या हजारोंच्या मेहनतीला दिशा मिळाली नसती. आणि ती तयार होती कारण भूकंपाच्या आधीची अडीच वर्षं ती गल्लीबोळांतून फिरली होती.

तुमच्याकडचा पूर तर भूकंपासारखा अचानक येत नाही. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तासातासाला मोबाइलवर येते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. सांगलीच्या आयर्विन पुलाला ४० आणि ४५. कोल्हापूर-सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की आधी फूट विचारतात, मग तब्येत. म्हणजे इशारा आहे. अडचण पुढची आहे: 'राजारामला ४१' ऐकल्यावर तुमच्या गावातल्या, समजा, खालच्या गल्लीतल्या माणसाने काय करायचं, हे कुठंही लिहिलेलं नाही. तो मनात २०१९ आठवतो, २००५ आठवतो, शेजाऱ्याकडे बघतो आणि थांबतो. नकाशाने हे थांबणं कमी करायचं आहे.

आता कामाकडे.

वेळ कुठली धरायची? ऊस तुटल्यावर. पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या आधी शिवारात गेलात तर दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, दहा फुटांवरचं घर दिसत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल शिवार मोकळं असतं, पाणंदी दिसतात, नदी खाली गेलेली असते, ओढ्याचं मूळ पात्र कुठून कुठं वळतं ते कळतं. उपग्रहाचं चित्र निवडतानाही हेच बघा. ओपनस्ट्रीटमॅपच्या संपादकात (नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) तीन-चार कंपन्यांची चित्रं बदलून बघता येतात. उन्हाळ्यातलं चित्र मिळालं तर वस्तीवरचे गोठे आणि शेडसुद्धा सुटत नाहीत.

लॅबचं काम दोन शनिवार-रविवार पुरतं. त्याबद्दल दोनच सूचना. एक, सगळ्या मुलांनी कामाला लागायच्या आधी चित्र आणि जागा जुळतात का ते बघा. चित्र कधीकधी काही मीटर सरकलेलं असतं. मोबाइलवर जीपीएस चालू ठेवून गावातून एक चक्कर मारा, ती रेघ चित्रातल्या रस्त्यावर बसते का बघा, नसेल तर चित्र सरकवून घ्या. नाहीतर सगळं गाव एकसारखं ओढ्यात जाऊन बसतं. दुसरं, 'जास्त घरं काढणाऱ्याला बक्षीस' ठेवू नका. बक्षीस ठेवलं की मुलं गवताच्या गंजीचंही घर करतात आणि एकावर एक तीन चौकोन पडतात. त्यापेक्षा एका मुलाचं काम दुसऱ्याने तपासायचं, असं ठेवा.

मग गावात. इथं बहुतेक जण सरपंच, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांना बोलावतात. बोलवायलाच हवं, त्यांच्याशिवाय पुढचं हलणार नाही. पण शिवाराची माहिती वेगळ्या लोकांकडे असते. साखर कारखान्याचा चिटबॉय घ्या. कुणाचा ऊस कुठल्या मळ्यात, तिथं ट्रॅक्टर कुठल्या पाणंदीने जातो, कुठं चिखलात रुततो, हे त्याला तोंडपाठ असतं. दूध संस्थेची गाडी चालवणारा रोज पहाटे वस्ती-वस्तीवर जातो. कुठल्या घरात किती जनावरं हे तो ग्रामपंचायतीपेक्षा बरोबर सांगेल. महावितरणचा वायरमन सांगेल कुठली डीपी आधी बंद करावी लागते आणि कुठल्या तारा पुरात बोटीतल्या माणसाच्या डोक्याला लागतील इतक्या खाली येतात. आशाताईंना घराघरातली परिस्थिती माहीत असते. आणि गावात अजून होडी चालवणारा म्हातारा असेल तर त्याला पहिल्या रांगेत बसवा. काठावरचा भोवरा, पाण्याखाली जाणारी काटेरी तारेची कुंपणं, शेतातल्या उघड्या विहिरी, हे सगळं तो बोट ठेवून दाखवेल. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि माणसं गेली. तेव्हापासून मी तरी बोटीचा मार्ग आणि बोट लावायची जागा या दोन गोष्टी नकाशात आल्याशिवाय काम पूर्ण झालं म्हणत नाही.

बैठकीला मोठा कागदी नकाशा न्या, मोबाइल बाजूला ठेवा. मोबाइलवर एक जण बघतो आणि बाकीचे गप्प बसतात. कागद पसरला की चारी बाजूंनी बोटं येतात, वाद होतात. 'ही पाणंद इथं नाही, विहिरीच्या अल्याड', 'तो पूल नव्हं, मोरी हाय'. होऊ द्या वाद. मुलांनी रंगीत पेनने जागेवरच खुणा करायच्या आणि संध्याकाळी त्या संपादकात चढवायच्या. नावं देवनागरीतच भरा, गाव ज्या नावाने हाक मारतं त्या नावाने. इंग्रजी स्पेलिंगसाठी वेगळा रकाना आहे. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतलाय, तेव्हा अशा वस्तीचं नाव काय लिहायचं ते तिथं राहणाऱ्यांनाच विचारा, पलीकडच्या गल्लीला नको.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांबद्दल मुद्दाम लिहितो, कारण बाहेरून बसून नकाशा काढणारे इथं हमखास फसतात. वरून बघितलं की नदीवर सरळ रेघ दिसते, त्यावरून दुचाकी जाताना दिसते, म्हणजे पूल. मग रस्ता दाखवणारं ॲप जुलैमध्येही माणसाला त्यावरून पाठवतं. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेले असतात आणि पाणी थोडं वाढलं की बंधारा पाण्याखाली जाणाऱ्यांत पहिला. रोजच्या पूरवार्तेत 'इतके बंधारे पाण्याखाली' हीच पहिली ओळ असते. तेव्हा तुमच्या हद्दीतला प्रत्येक बंधारा बंधारा म्हणूनच नोंदवा, आणि त्यावरच्या वाटेला 'पुरात बुडणारी' हा टॅग लावा. ओढ्यावरच्या बुटक्या मोऱ्यांनाही तोच. एवढी एक दुरुस्ती झाली तरी पुण्याहून येणाऱ्या एनडीआरएफच्या गाडीचा ड्रायव्हर चुकीच्या वाटेला लागत नाही.

आता फुटांचा हिशोब. माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा हाच आहे, आणि गंमत म्हणजे याला एकही महागडं यंत्र लागत नाही.

पुष्कळ जण आधी उपग्रहावरून मिळणारी फुकटची उंचीची माहिती उतरवून घेतात. ती तीस मीटरच्या चौकोनाला एक आकडा अशी असते आणि त्यात काही मीटरची चूक धरूनच चालावं लागतं. तुमच्या गावात वरची गल्ली आणि खालची गल्ली यांच्यात फरकच सहा-सात फुटांचा. त्या माहितीवर रंगीत नकाशे सुंदर निघतात, निर्णय निघत नाही.

पण पुराने स्वतःच गावाची मोजणी करून ठेवलीय. शिरोळसारख्या ठिकाणी, जिथं पाणी फुगवट्याने चढतं आणि गल्ल्यांमध्ये जवळजवळ उभं राहतं, तिथं एका वस्तीपुरतं बघितलं तर पाण्याचा वरचा पृष्ठभाग सपाट धरायला हरकत नाही. २०१९ ची खूण भिंतीवर अजून आहे, कुठं रंग उडालाय, कुठं घरमालकाने स्वतः तारीख लिहून ठेवलीय. टेप घेऊन जायचं आणि त्या खुणेपासून खाली रस्त्यापर्यंत अंतर मोजायचं. जोत्यापर्यंत वेगळं, रस्त्यापर्यंत वेगळं. एका चौकात ही खूण रस्त्यापासून साडेसहा फुटांवर आणि देवळापाशी अडीच फुटांवर, म्हणजे देवळापेक्षा तो चौक चार फूट खाली. अशा पन्नास-साठ खुणा मोजल्या की गावाचा चढउतार हाती येतो.

पुढची पायरी गेजशी, म्हणजे नदीची पातळी मोजायच्या पट्टीशी, जोडायची. समजा तुमच्या जवळच्या गेजवर त्या वर्षी सर्वांत जास्त पातळी ५७ फूट होती. चौकात साडेसहा फूट पाणी होतं, तर चौकाच्या जमिनीला पाणी लागलं तेव्हा गेज साधारण साडेपन्नास असणार. देवळापाशी साडेचोपन्न. हा आकडा मग लोकांना विचारून पडताळायचा: 'पाणी चौकात आलं तो दिवस कुठला? रात्री की सकाळी?' त्या दिवसाची पातळी जुन्या पेपरात किंवा पाटबंधारेच्या नोंदीत सापडते. दोन्ही जुळलं तर आकडा पक्का, एक फुटाच्या आत-बाहेर असेल तरी चालेल, दोन फुटांपेक्षा जास्त तफावत आली तर खूण पुन्हा बघा. कधी ती २०२१ ची असते आणि घरवाला २०१९ ची म्हणून सांगतो.

यात सावध राहायच्या जागा आहेत. तुमच्या गावाजवळ संगम आहे. कृष्णा चढलेली असताना पंचगंगा कमी असू शकते किंवा उलट, खालून कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याबद्दल तर दरवर्षी वाद होतात. त्यामुळे लांबच्या राजारामवर सगळा हिशोब बांधू नका. जवळात जवळचं गेज धरा. केंद्रीय जल आयोगाची केंद्रं कुरुंदवाड आणि अर्जुनवाडला आहेत, पण त्यांचे आकडे समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असतात, आणि राजाराम, आयर्विनचे फूट त्या त्या जागच्या पट्टीवरचे. हे दोन एकमेकांत मिसळू नका, वेगळे स्तंभ ठेवा. गावाला ज्या खुणा आधीच कळतात त्यांनाही स्तंभ द्या. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं (नदीचं पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं) की आमच्याकडचा कुठला रस्ता जातो, हे तुमच्याकडचे जुने लोक आकड्याशिवाय सांगतील. अशी खूण यादीत असली की लोक यादीवर विश्वास ठेवतात.

आणि आकडा कधीही बारीक करून लिहू नका. 'साडेपन्नास' आलं तर तक्त्यात ४९ लिहा. आधी सावध झालेल्या माणसाचं फार नुकसान होत नाही. शिवाय एखादा रस्ता भराव टाकून उंच केला की त्याच्या वरच्या अंगाचं पाणी वेगळं वागतं. शिरोलीजवळ महामार्गावर २०१९ ला पाणी आलं, वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली, आणि भराव की कमानीचा पूल हा वाद तेव्हापासून चालू आहे. तुमच्या शिवारात २०२१ नंतर असा भराव पडला असेल तर जुन्या खुणांचे आकडे त्या बाजूला तंतोतंत लागू होणार नाहीत. नकाशावर भरावाचं वर्ष लिहून ठेवा.

रस्त्यांचा तक्ता घरांच्या आधी करा. बहुतेक गावांत पाणी गावात शिरायच्या एक-दोन दिवस आधी गाव तुटतं. ओढ्यावरची एक मोरी बुडते, एसटी बंद होते, आणि गावठाण मात्र अजून कोरडं असतं. लोक म्हणतात, 'अजून पाणी लांब हाय.' नेमका हाच वेळ जनावरांसाठी असतो. म्हशी बोटीत बसत नाहीत. पाणी दाराशी आल्यावर माणूस बोटीत चढेल, पण गोठ्यात चार म्हशी बांधलेल्या असतील तर घरातला एक तरी जण मागे राहणार. २०१९ ला किती घरांतली माणसं याच कारणाने अडकली हे तुमच्या गावात कुणालाही विचारा. म्हणून तक्त्यात दोन वेगळ्या वेळा हव्यात: जनावरं हलवायची पातळी, जी शेवटचा कोरडा रस्ता बुडण्याच्या बरीच आधीची, आणि माणसांनी निघायची पातळी. नकाशावर जनावरं न्यायच्या जागाही दाखवा: माळावरची गायरान जमीन, कारखान्याचं आवार, बाजार समितीचं मैदान. तिथं पाणी आणि सावली आहे का हेही.

निवाऱ्याच्या इमारतींची नोंद करताना मजले, छताला स्लॅब आहे की पत्रा, संडास किती, बोअरचा पंप कितव्या उंचीवर, एवढं तरी लिहा. शाळा, मंगल कार्यालयं, मठ. 'शाळा' एवढीच नोंद असली तर पुराच्या दिवशी तिचा उपयोग नाही. त्या शाळेत २०१९ ला स्वतःच पाणी आलं होतं का, हे लिहिलेलं असायला हवं.

आता उघड्या नकाशावर काय टाकायचं नाही. अंथरुणाला खिळलेले आजोबा, गरोदर बाई, एकटी राहणारी म्हातारी यांची घरं बचावाच्या वेळी सगळ्यात आधी लागतात, पण ती माहिती जगाला दिसेल अशा जागी ठेवायची नाही. त्यासाठी वेगळी वही करा, आशाताई आणि ग्रामपंचायतीकडे एकेक प्रत, दरवर्षी मे महिन्यात दुरुस्त. नकाशावर घराला फक्त क्रमांक द्या, तोच क्रमांक वहीत. गेजच्या फुटांचे आकडेही ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कोंबू नका. तिथं ज्या गोष्टी जागेवर उभ्या आहेत आणि दुसरा कुणीही जाऊन तपासू शकतो तेवढ्याच ठेवायच्या. 'आज इथं निवारा चालू आहे' हेही तिथलं काम नाही. फुटांचा तक्ता, बोटीच्या जागा, पाण्याच्या रेषा हे सगळं क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा यूमॅप या संकेतस्थळावर वेगळा थर म्हणून करा आणि खाली ओपनस्ट्रीटमॅप घ्या.

कायद्याचं विचाराल तर १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय नागरिकाला आणि संस्थेला असा नकाशा करायला आधी परवानगी लागत नाही. संवेदनशील जागांबद्दल बंधनं आहेत, ती गावाच्या कामात सहसा आड येत नाहीत. ड्रोन वापरणार असाल तर त्याचे नियम वेगळे, उडवणाऱ्यालाच विचारा. एक बारकी गोष्ट: छापताना कोपऱ्यात हौसेने देशाचा नकाशा घालू नका. ओपनस्ट्रीटमॅपवरच्या आंतरराष्ट्रीय सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सीमांशी जुळत नाहीत आणि त्या तशा छापणं गुन्हा ठरतो. तालुक्यापुरता नकाशा छापा.

उपग्रहाच्या पूरचित्रांबद्दलही विचारणा होते. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार ढगांतून बघतं आणि चित्रं फुकट मिळतात. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रही पुराचे नकाशे काढतं. मोठ्या चित्रासाठी ते उत्तम. पण आपल्याकडे ऑगस्टमध्ये उभा ऊस असतो, आणि उसाच्या बुंध्याशी साचलेलं पाणी त्या रडारला धड दिसत नाही. गल्लीबोळातलंही तसंच. त्यामुळे त्या चित्रात तुमचं शिवार कोरडं दिसलं म्हणून कुणी 'तुमच्याकडे पूर नव्हता' असं म्हणायला लागलं, विशेषतः पंचनाम्याच्या वेळी, तर भिंतीवरच्या खुणांची फोटोसह यादी तुमच्या हातात असलेली बरी. खुणा मोजताना टेप लावलेला फोटो, तारीख आणि जागा न चुकता घ्या. घराला रंग दिला की खूण जाते.

छपाई हा भाग लोक शेवटी उरकतात आणि तिथंच घाण करतात. पुरात वीज जाते, मग टॉवर जातो. चावडीवर, दूध संस्थेत आणि शाळेत एकेक मोठा फ्लेक्स, ज्यावर अक्षरं दहा फुटांवरून वाचता येतील. सरपंच, पोलीस पाटील, बोटवाले यांच्याकडे लॅमिनेट केलेली छोटी प्रत. तहसीलदार कार्यालयात आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या कक्षात एक फाइल आणि एक पेन ड्राइव्ह. फ्लेक्सवर तक्ता मोठा आणि नकाशा त्याच्या खाली, उलटं नको. तरुण पोरांच्या मोबाइलमध्ये ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स टाकून जिल्ह्याचा नकाशा आधीच उतरवून ठेवायला सांगा; नेट गेलं तरी चालतो, आणि तुमच्या मुलांनी मे महिन्यात केलेल्या दुरुस्त्या नव्याने उतरवल्यावर त्यात दिसतात.

तालुक्याची मान्सूनपूर्व आढावा बैठक साधारण मे महिन्यात होते. तिथं सरपंचांनी हा तक्ता मांडावा, कॉलेजने नको. कॉलेजने मांडला की तो 'उपक्रम' होतो आणि टाळ्या वाजवून बाजूला ठेवला जातो. सरपंचांनी मांडला की तहसीलदारांना त्यावर काहीतरी बोलावं लागतं: बोट कुठं ठेवणार, चारा कुठून येणार.

एनएसएसची मुलं दोन वर्षांत पास होऊन जातात, ही या कामातली खरी अडचण. तेव्हा पहिल्यापासून गावातलीच दोन-तीन माणसं तयार करा: ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक, एखादी बचत गटातली लिहिती-वाचती ताई, दूध संस्थेचा सचिव. त्यांना घरं काढता आली नाहीत तरी चालेल. नवीन बांधलेलं घर, उंच केलेला रस्ता, बंद पडलेली पाणंद एवढं मोबाइलवरून नोंदवता आलं तरी पुरे. त्यासाठी 'एव्हरी डोअर' हे ॲप चांगलं आहे. जागेवर उभं राहून नोंद करता येते.

मुलं किती घ्यायची असं तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल म्हणून सांगतो. दहा-बारा. पन्नास घेतलीत तर तुम्ही चहा-नाश्त्यातच अडकाल. त्यातली निम्मी पूरग्रस्त गावांतलीच असू द्या. खुणेपाशी टेप धरताना घरातल्या बाईशी काय बोलायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. पहिल्या बैठकीसाठी उसाची तोड संपत आल्यावरची रविवारची सकाळ बघा, म्हणजे चिटबॉयला सुट्टी मिळेल, आणि वायरमनला दोन दिवस आधी फोन करून ठेवा. त्याचा रविवार कधीच मोकळा नसतो.